मागच्या पायाचा बूट

लेक विलोना, फ्लोरिडा
९ मार्च १९९२, सोमवार

लाडक्या रोंडास,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि माझ्या नातीचा, जोडीचा, फोटो दोन्ही शनिवारी मिळाली. फोटो मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलाय. तीन वर्षांची पोर, पण कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब थेट तुझी. तुमच्याकडे वाळवंटात एवढी थंडी असते हे मला अजून खरं वाटत नाही. तिला टोपी घालत जा.

इकडे सगळं ठीक. संत्र्यांना मोहोर आलाय आणि यंदा वास इतका दाट आहे की सकाळी खिडकी उघडली की डोकं जड होतं. तळ्याचं पाणी अजून गारच आहे. धक्क्याखाली एका मगरीने मुक्काम ठोकलाय. लहान आहे, चार फूट असेल. उत्तरेकडचे लोक बर्फाला कंटाळून यायला लागलेत, त्यामुळे पाण्यावर बोटीमागे स्की शिकवायची माझी शाळा सुरू झाली. या आठवड्यात चार जण आहेत. त्यातले एक ओहायोचे दातांचे डॉक्टर आहेत, लॉफ्टिस म्हणून. नवी कोरी स्की घेऊन आलेत. तिच्यावर एकामागे एक बसवलेले दोन रबरी बूट इतके घट्ट की पाय आत घालायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. चेहरा लालबुंद. मी म्हटलं, "आता काढा."

"बाई, मी इथे स्की शिकायला आलोय. बूट काढायला नाही."

"आधी काढता यायला हवा. मग घालायचा."

काढता येईना. मी त्यांना धक्क्यावर बसवलं, पायाला साबणाचं पाणी लावलं आणि ओढून काढला. मग टाचेचा भाग मागे सरकवला, परत घालायला लावला, स्की माझ्या गुडघ्यांखाली दाबून धरली आणि म्हटलं, टाच उचला. जोर लावल्यावर बोटभर उचलली गेली पाहिजे. पाय पिरगाळून झटका दिला की सुटला पाहिजे. शंभर आकडे मोजेपर्यंत बोटं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर तो बूट घट्ट. नुसतं पुढे झुकल्यावर टाच निघाली तर तो सैल, आणि सैलसुद्धा चांगला नाही. दोन्ही पाय एकसारखे सुटले पाहिजेत, नाहीतर एकही सुटू नये. एक सुटला आणि एक अडकला की एवढी लांब स्की त्या अडकलेल्या पायाभोवती फिरते, आणि

असो. तुला हे काय सांगायचं.

लॉफ्टिस म्हणाले, "तुम्ही सगळ्यांचीच अशी परीक्षा घेता?" मी म्हटलं, सगळ्यांची. दर वेळी. पाण्यात उतरायच्या आधी. गावात मला आता 'बूटवाली बाई' म्हणतात, हे तुला ओपलमामीने कळवलं असेलच. म्हणू देत.

आता हॉइटमामाबद्दल. तू पत्रात त्याचं नाव काढत नाहीस आणि मीही काढत नाही, पण आता सांगायला हवं. त्याचा तो खोकला साधा नव्हता. फुप्फुसात गाठ आहे, दोन्हीकडे. डॉक्टरांनी ओपलला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत. तिने ते त्याच दिवशी त्याला सांगून टाकलं, कारण तिला पोटात काही ठेवता येत नाही. तो म्हणाला, "बरं झालं. गवत कापायचं यंत्र दुरुस्त करायचं नाही आता." ती रडायला लागली तर म्हणतो, "तू कशाला रडतेस, तुला शेजाऱ्याचं मागून आणता येईल."

तो घरीच आहे. पुढच्या खोलीत, खिडकीशी पलंग लावलाय. तिथून तळं आणि माझं घर दिसतं. मी शिकणाऱ्यांना घेऊन बोट बाहेर काढली की तो बघत असतो आणि संध्याकाळी मला सांगतो, वळण फार रुंद घेतलंस म्हणून.

तो तुझ्याबद्दल विचारत नाही. म्हणजे तोंडाने विचारत नाही. तुझं पत्र आलं की मी ते पर्समध्ये घालून त्याच्याकडे जाते. पर्स उघडी राहिली की तो तिकडे बघतो. मी वाचून दाखवत नाही, आणि तो वाच म्हणत नाही.

रोंडा, त्याला दोन ओळी लिही. जास्त नको. त्या दिवसाबद्दल काही लिहू नकोस. हवापाण्याबद्दल लिही, जोडीबद्दल लिही. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात तुला गुडघ्यांत धरून त्यानेच उभं केलं होतं. तुझे बाबा गेल्यावर शाळेतल्या प्रत्येक 'वडील आणि मुली'च्या जेवणाला तोच टाय लावून आला. घडलं ते घडलं. सहा वर्षं होत आली. कुणाची चूक किती, हे ठरवणारे आपण कोण.

तुझा पाय कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. लिहीत जा.

तुझी,
आई


लेक विलोना
३० मार्च १९९२

लाडक्या रोंडास,

अनेक आशीर्वाद. तुझं सहा पानी पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

आधी पायाचं. घोट्यातलं हाड मेलंय, असं तू लिहितेस. मला ते वाक्य समजायला वेळ लागला. जिवंत माणसाच्या अंगात मेलेलं हाड. तू म्हणतेस की त्या हाडाला रक्त पोचवणाऱ्या नळ्याच मुळात बारीक असतात, त्या तुटल्या, आणि सहा वर्षं ते आतल्या आत ढासळत गेलं, म्हणजे आधीच्या तिन्ही ऑपरेशनांचा काहीच उपयोग व्हायचा नव्हता. आता ७ मेला स्क्रू घालून सांधा कायमचा बंद करणार. पाय दुखायचा कमी होईल, पण पुन्हा कधी वाकणार नाही. आणि तेही जुळून आलं तर. डॉक्टरांनी 'तर' म्हटलं हे तू खाली रेघ मारून लिहिलं आहेस.

जोडी रस्त्यात पळाली आणि तुला तिच्यामागे धावता आलं नाही, शेजारच्या बाईने तिला धरलं, हे मी वाचलं. त्याच्यावर मी काही लिहू शकत नाही.

मी ७ मेला यावं असं तू म्हणतेस. 'तू खोलीत असलीस की मला धीर येतो' असं लिहिलंयस. येईन. तिकिटाची चौकशी केली आहे.

आता मामाबद्दल तू जे लिहिलंस ते. 'त्याने बोट सरळ ठेवली असती तर मी आज दोन पायांवर उभी असते. बोट मध्यरेषेवर ठेवायची, एवढंच त्याचं काम होतं, आणि ते त्याच्याच्याने झालं नाही. तो मरतोय म्हणून मी ते विसरायचं का?' असं तू विचारतेस. आणि पुढे, 'मी त्याला माझं माझं लिहीन. तू मधे पडू नकोस.'

रोंडा, तो वाईट बोट चालवणारा माणूस नव्हता. सोळाव्या वर्षापासून चालवत होता. त्याच्या मागे स्की करायला जॉर्जियातून लोक यायचे. त्या दिवसानंतर त्याने सुकाणूला हात लावला नाही. संत्र्यांच्या कारखान्यात पेट्या मोजायला गेला. तू हे सगळं जाणतेस.

वळसा घालायच्या चौथ्या तरंगत्या बोयापाशी बोट डावीकडे सरकली, हे तू स्वतः पाहिलेलं नाही. तू मागे, दोराच्या टोकाला होतीस. ताशी चौतीस मैल वेग, समोर पाण्याचा फवारा. तुला ते नंतर कळलं. म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं. हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं. मला एवढंच म्हणायचंय की बोट किती सरकली, सरकली की नाही, हे मी सुद्धा धक्क्यावरून नीट पाहिलं नव्हतं.

काल दुपारी त्याच्याकडे गेले होते. ओपल चर्चच्या बायकांबरोबर बाहेर होती. त्याचे हात काटकुळे झालेत. आवाज मात्र तोच.

"काय म्हणते पोरगी?"

मी म्हटलं, "ऑपरेशन ठरलंय. घोट्याचा सांधा बंद करणार."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मागचाच ना?"

"हो. मागचा."

अजून आम्ही दोघं तुझ्या उजव्या पायाला 'मागचा' म्हणतो. स्कीवर मागे असायचा म्हणून.

"ताई, तू तिच्याकडे माझ्यासाठी काहीतरी मागितलंस."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? तू गेले तीन आठवडे टपालवाल्याची गाडी आली की पायरीवर येऊन उभी राहतेस. मला खिडकीतून तेवढंच दिसतं. तळं आणि तू."

"दोन ओळी लिही म्हटलं. त्यात काय बिघडलं?"

"दोन ओळींत तिला काय लिहिता येणार? गोड लिहिलं तर खोटं होईल. आणि खोटं तिला जमत नाही. ते काही तिच्याकडे तुझ्याकडून आलेलं नाही." हे बोलून तो हसला आणि हसताना त्याला ढास लागली. मी त्याला बसतं केलं, पाठ चोळली. ढास थांबल्यावर म्हणाला, "आता काही करू नकोस, ताई. सहा वर्षं गेली. थोडे दिवस राहिलेत, तेही जातील."

तेवढ्यात ओपल आली आणि आम्ही तळ्यातल्या माशांबद्दल बोलायला लागलो.

त्याला लिहायचं असेल तर लिही, पण रागाच्या भरात लिहू नकोस. लिहून दोन दिवस ठेव, मग टाक. तुझ्या रागाचं मला नवल वाटत नाही. तो चुकीच्या माणसावर

आता चार वाजलेत, शिकायला आलेले लोक धक्क्यावर वाट बघत असतील. उरलेलं पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी,
आई


लेक विलोना
२२ एप्रिल १९९२, बुधवार

रोंडा,

फोनवर मी तुला फक्त एवढंच सांगितलं की मामा गेला. तू 'बरं' म्हणालीस, मग 'ओपलमामी कशी आहे' विचारलंस. मी म्हटलं, ठीक आहे. ती ठीक नाही. मीही तुला जे सांगायचं ते सांगितलं नाही. फोनवर मला ते जमलं नसतं, कारण तू मधेच 'आई, तू रडू नकोस' म्हणाली असतीस.

तुझं पत्र त्याला मिळालं. ६ तारखेला, सोमवारी. मी तिथेच होते. ओपल पाकीट नाचवत आत आली, पाकिटावर तुझं नाव बघून तिचा चेहरा एवढा उजळला होता. "बघ, बघ कुणाचं आहे. मी म्हटलं नव्हतं?" त्याला वाचता येत नव्हतं, औषधाने डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. ती पलंगाच्या काठावर बसली आणि मोठ्याने वाचायला लागली.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. मी ते इथे उतरवत नाही. ओपल तिसऱ्या ओळीवर अडखळली आणि थांबली. तो म्हणाला, "वाच पुढे." ती म्हणाली, "नको." तो म्हणाला, "पोरीने एवढं लिहिलंय. वाच." तिने शेवटपर्यंत वाचलं. 'तू मेल्यावर मला वाईट वाटणार नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटणार नाही' हे सुद्धा वाचलं. मी पायथ्याशी खुर्चीवर बसले होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता. मी बोलते का, एवढंच पाहत होता असं मला वाटलं. कदाचित तसंही नसेल. मी पांघरुणाची किनार सारखी केली.

मग तो म्हणाला, "सरळ लिहिलंय. घडी घालून ठेव." आणि कूस बदलली.

त्यानंतर तो सहा दिवस होता. मी रोज गेले. रोज ठरवून गेले आणि रोज परत आले. रविवारी पहाटे तो गेला.

आता ऐक. उभी असशील तर बस.

बोट सरळ होती.

१४ जून १९८६. शनिवार, सकाळी आठ, आपल्याच तळ्यावरची जिल्हा स्पर्धा. त्याच्या दोन आठवडे आधी जॉर्जियाच्या स्पर्धेत पाचव्या बोयाला तुझी मागची टाच बुटातून निघाली होती आणि तू अर्ध्या बोयाच्या गुणाने हरली होतीस. घरी येताना गाडीत तू झोपलीस आणि मी चार तास तो अर्धा बोया चघळत आले. दुसऱ्या दिवशी मी मागच्या पायासाठी नवा बूट मागवला, एक नंबर लहान. पुढचा तोच जुना, वापरून मऊ झालेला. म्हणजे एक पाय सुटेल आणि एक सुटणार नाही, अशी स्की मी स्वतःच्या हाताने तयार केली. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. मी तेव्हाही लोकांना हेच शिकवत होते.

त्या सकाळी तू म्हणालीस, "आई, मागचा एक भोक मागे घे. बोटं सुन्न होतायत." मी म्हटलं, "दे." स्की घेऊन मी शेडमध्ये गेले. दोन स्क्रू काढायचे, टाचेचा भाग मागच्या भोकांवर आणायचा, परत आवळायचे. दोन मिनिटांचं काम. मी पहिला स्क्रू अर्धा सैल केला. मग परत आवळला.

माझ्या मनात काय होतं ते तसंच लिहिते. मला वाटलं, टाच परत निघाली तर परत अर्ध्या बोयाने जाईल. तू हरशील, हा विचार नव्हता. मी हरेन, हा होता. माझ्या शाळेची पाटी, माझी मुलगी, माझा धक्का, आणि सगळा जिल्हा बघायला आलेला.

मी बाहेर येऊन तुला म्हटलं, "घेतला."

तू पाय घातलास. "अजून तसाच वाटतोय."

"रबर नवं आहे. पाण्यात सैल होईल."

मी साबणाचं पाणी जास्त ओतलं आणि टाच माझ्या हातांनी ओढून बसवली. तू खाली वाकून भोकं बघितली नाहीस. बघायचं तुला काही कारण नव्हतं. बाकी कशाबद्दलही मी तुला थापा मारल्या असतील, स्कीबद्दल कधी मारली नव्हती.

चौथ्या बोयाला तू उशिरा पोचलीस, एवढंच झालं. असं तुझं शंभर वेळा झालं असेल. स्कीची धार पाण्यात अडकली, तू पुढे फेकली गेलीस, पुढचा पाय सुटला, मागचा नाही. हॉइटने बोट वळवून आणली आणि कपड्यांसकट उडी मारली. तुझं डोकं त्याने खांद्यावर घेतलं. पायाला लटकलेली स्की उलटी फिरली होती. बूट निघेना. शेवटी त्याने खिशातल्या चाकूने रबर कापलं. कापताना त्याला भोकं दिसली, स्क्रू होते तिथेच होते. सकाळी तू माझ्याशी बोललीस तेव्हा तो दहा पावलांवर बोटीत पेट्रोल भरत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

धक्क्यावर मुख्य पंच, टार्व्हर, धावत आले. "काय झालं?" हॉइटने माझ्याकडे पाहिलं. मी तुझा हात धरून बसले होते. तो म्हणाला, "माझ्याकडून बोट डावीकडे गेली असेल."

मी तोंड उघडलं होतं. पण तू किंचाळलीस आणि मी तुझ्याकडे वळले. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. तू किंचाळली नव्हतीस, रोंडा. तू शुद्धीतच नव्हतीस. मी बोलले नाही, एवढंच खरं.

हॉस्पिटलमध्ये तू शुद्धीवर आलीस आणि विचारलंस, "आई, माझं काय चुकलं?" तेव्हा मला सांगता आलं असतं की तुझं काही चुकलं नाही, बूट मी सैल केला नव्हता. मी म्हटलं, "तुझं नाही. मामाची बोट सरकली." तो तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. तू त्याला आत येऊ दिलं नाहीस. मीच बाहेर जाऊन त्याला सांगितलं की ती नको म्हणतेय. तो उठला, टोपी घातली आणि गेला.

नंतर एकदाच आम्ही त्याबद्दल बोललो, त्याच वर्षी शरदात. मी विचारलं, ती स्की कुठे आहे? तो म्हणाला, "जाळली. आता विषय नको. तिला एकच आई आहे. मामा नसला तरी चालतो." मला त्याचं बोलणं सोयीचं होतं. मी ते घेतलं.

मार्चमध्ये मी तुला 'दोन ओळी लिही' म्हटलं, ते त्याच्यासाठी नव्हतं. तो जायच्या आत तुझ्याकडून काही बरं ऐकेल आणि माझं ओझं हलकं होईल, न बोलता होईल, असं मला वाटलं होतं. त्याचा परिणाम ओपलने वाचून दाखवला. तुझ्या पत्राचा दोष तुझ्याकडे नाही. त्यातला शब्द न् शब्द माझ्या नावचा होता, पाकीट तेवढं चुकीच्या घरी गेलं.

दफन गेल्या बुधवारी झालं. पन्नासएक माणसं आली होती. कुणी बोटीबद्दल बोललं नाही. सगळे जुन्या माशांच्या आणि वादळांच्या गोष्टी सांगत होते. पाद्रीबाबांनी विचारलं, "बहिणीला काही बोलायचंय?" मी नकारार्थी मान हलवली. तिथेही.

सगळे गेल्यावर मी ओपलबरोबर भांडी धुवायला थांबले. लोकांनी आणलेली तळलेली कोंबडी, शेंगांच्या भाज्या, केक, टेबलावर जागा नव्हती. ती धूत होती, मी पुसत होते. तेव्हा सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, स्क्रूपासून. ती ऐकत ताटल्या धूत राहिली. मग नळ बंद केला.

"त्याला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला सांगितलं नाही त्याने." ती खुर्ची ओढून बसली. "मी त्याला विचारलं होतं, नॅडीन. त्या वर्षी. मी म्हटलं, तू रात्री घेतली होतीस का? हात थरथरत होता का तुझा? नवरा म्हणून मी त्याला माफ केलं. सहा वर्षं माफ केलं मी त्याला. त्याने मला ते करू दिलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

"घरी जा," ती म्हणाली.

त्यानंतर मी दोनदा गेले. आतून कडी होती. दिवा चालू होता.

मी टार्व्हरनाही फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलीकडे राहतात. म्हटलं, हॉइटच्या नावावर जे लागलंय ते पुसायचंय, कुणाला लिहू? ते म्हणाले, "नॅडीन, कागदावर त्याच्याविरुद्ध कधी काहीच नव्हतं. अहवालात 'खेळाडू पडला' एवढंच लिहिलंय. त्याला कुणी बंदी घातली नाही. तो आपणहून थांबला. आता काय खोडायचं?" त्यांना वाटलं मी समाधानाने फोन ठेवला.

तेव्हा असं आहे. लोकांच्या तोंडी होतं ते तोंडांबरोबर जाईल. जे खरं आहे ते आता तुला, मला आणि ओपलला माहीत आहे, आणि त्याला त्याचा काही उपयोग नाही. तुझा घोटाही याने बरा व्हायचा नाही. हे पत्र मी महिनाभर आधी टाकलं असतं तर निदान ते दुसरं पत्र गेलं नसतं. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं, आणि तेही मी केलं नाही.

ओपलला लिही, एवढं मात्र मी मागते. तिला कुणी नाही. माझं नाव घेऊ नकोस, त्याच्याबद्दल लिही. तू लहान असताना तो काय काय करायचा ते लिही.

७ मेचं तिकीट काढलेलं आहे. तू कळवलंस तर येईन, खोलीबाहेर बसेन. काही कळवलं नाहीस तर येणार नाही, आणि का नाही असं विचारणारही नाही. मी माफी मागत नाही. ज्याच्याकडे मागायची होती त्याच्या पलंगाशी सहा दिवस बसून मला ती मागता आली नाही, आता तुझ्याकडे मागून ते फिटणार नाही.

शेवटी, जोडीला यातलं काही कळू देऊ नकोस, असं लिहायला घेतलं होतं. ते वाक्य खोडलं. कुणाला काही लपवायला सांगायचं, एवढा हक्क मला उरलेला नाही. ती मोठी होऊन तुझ्या पायाबद्दल विचारेल. तेव्हा तिला सांग, आजीने केलं.

नॅडीन प्रूइट